कच्च्यातला छापा : छोटू टोळी, राजनपूर, एप्रिल २०१६

१३ एप्रिल २०१६ रोजी पाकिस्तानी पंजाबच्या राजनपूर जिल्ह्यात पोलीस होड्यांमधून सिंधू नदीच्या पात्रातल्या एका बेटाकडे निघाले. बेटावर गुलाम रसूल ऊर्फ छोटू याची टोळी होती. या चढाईत किमान ६ पोलीस मारले गेले, त्यांत एका पोलीस ठाण्याचा प्रमुख अधिकारीही होता. आणखी २४ पोलीस टोळीच्या हाती जिवंत सापडले. धरायला गेलेलेच धरले गेले. पुढे लष्कराला यावं लागलं. २० एप्रिलला छोटू डझनभर साथीदारांसह शरण आला आणि ओलीस सुटले.

एवढी हकीकत वर्तमानपत्रात अर्ध्या रकान्यात मावते. मी मात्र ठाणे शहरातल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात या प्रकरणाला दोन बैठका देतो. वर्गात पोलीस उपनिरीक्षक परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली असतात, तसेच खात्यांतर्गत परीक्षेला बसणारे चार-सहा शिपाई आणि हवालदारही असतात. परक्या देशातलं प्रकरण कशाला, असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच. कारण साधं आहे. कळवा, भिवंडी किंवा पनवेलचा एखादा फसलेला छापा चर्चेला घेतला, की वर्गातले निम्मे लोक गप्प होतात. कुणाचे साहेब त्यात असतात, तर कुणी स्वतःच बंदोबस्ताला गेलेलं असतं. राजनपूरच्या साहेबांबद्दल बोलायला कुणी कचरत नाही. शिवाय ठाण्याच्या मुलांना पाणी, चिखल आणि त्यांच्या आडोशाने पळणारा माणूस या गोष्टी वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

जागा

सिंधूच्या दोन्ही बाजूंना पूर अडवण्यासाठी मातीचे लांबच लांब बांध आहेत. या दोन बांधांच्या मधल्या पट्ट्याला तिकडे ‘कच्चा’ म्हणतात. नदी दर वर्षी आपली वाट थोडी बदलते, जुने प्रवाह सोडते आणि मध्ये बेटं तयार करते. बेटांवर उंच गवत आणि झाडोरा माजतो. पूर ओसरला की तिथे पीकही घेतात, गुरंही चरतात. जमिनीचे कागद धड नसतात आणि पक्का रस्ता नसतो. राजनपूरच्या दक्षिण टोकाला रोझान तालुका आहे. तिथून सिंध प्रांतातला कश्मोर जिल्हा लागून आहे, पश्चिमेला बलुचिस्तानातला डेरा बुगटी आहे आणि नदीपलीकडे रहीम यार खान. म्हणजे तीन प्रांतांच्या हद्दी जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन टेकतात.

हद्द म्हणजे काय हे ठाण्यात कुणी शिकवायला नको. ठाणे पोलीस आयुक्तालय १९८१ चं, नवी मुंबईचं १९९४ चं आणि मीरा-भाईंदर, वसई-विरारचं २०२० चं. या तिघांच्या जोडीला ठाणे ग्रामीण आणि पलीकडे मुंबई. ऐरोलीहून मुलुंडला पूल ओलांडला की आयुक्त बदलतो. हे सगळे एकाच राज्याच्या गृहखात्याखाली आहेत, तरी दुसऱ्याच्या हद्दीत आरोपी उचलायचा तर आधी फोन कुणाला करायचा यावरून वेळ जातो. कच्च्यात प्रांतच वेगळा, सरकार वेगळं आणि पोलीस दलही वेगळं. टोळीला त्यासाठी एक प्रवाह ओलांडावा लागे. पाठलाग करणाऱ्याला परवानगी लागे.

माणूस

छोटू हा मझारी या बलुच जमातीचा, त्याच मुलखातला. अपहरण, खंडणी, दरोडे आणि पोलिसांचे खून असे गुन्हे त्याच्या टोळीवर होते. तो एके काळी स्थानिक राजकारण्याचा अंगरक्षक होता आणि पोलिसांचा खबऱ्याही होता, असं पाकिस्तानी वर्तमानपत्रांनी छापलं होतं. या टोळीविरुद्ध आधीही मोहिमा झाल्या होत्या. प्रत्येक वेळी टोळी शिल्लक राहिली.

या मोहिमांचा परिणाम मुलं सहज नजरेआड करतात. आपण चार वेळा छापे टाकले म्हणजे आरोपी खचला, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात फसलेला छापा आरोपीला फुकट शिकवणी देऊन जातो. पोलीस कुठून येतात, किती वाजता येतात, किती वेळ टिकतात, गोळीबार झाल्यावर मागे हटतात की आडवे होतात, हे सगळं त्याला कळतं. त्यात जो कधीकाळी खबऱ्या म्हणून ठाण्यात चहा पिऊन गेला आहे, त्याला टीप कशी येते आणि ती कुणाच्या कानावर पडते तेही ठाऊक असतं. बेटावर पक्के मोर्चे बांधलेले होते. टोळीकडची हत्यारं आपल्यापेक्षा जड होती, हे पोलिसांनीच नंतर सांगितलं.

लाहोर आणि घाई

आता मूळ गोष्टीकडे येतो. छोटूची टोळी तिथे वर्षानुवर्षं होती. मग एप्रिल २०१६ मध्येच का?

२७ मार्च २०१६ हा ईस्टरचा रविवार. लाहोरच्या गुलशन-ए-इक्बाल बागेत आत्मघाती स्फोट झाला आणि ७० हून अधिक माणसं मारली गेली. त्यांत मुलं आणि बायका बऱ्याच होत्या. तहरीक-ए-तालिबानमधून फुटलेल्या जमात-उल-अहरार या गटाने जबाबदारी घेतली. तोपर्यंत दहशतवादाविरुद्धची मोठी लष्करी कारवाई मुख्यतः वायव्येच्या डोंगराळ भागात चालली होती. दक्षिण पंजाबला हात लागलेला नाही, अशी टीका आधीपासून होतीच. स्फोटानंतर ती टीका प्रांतिक सरकारच्या अंगावर आली. लष्कराने पंजाबात उतरावं की प्रांताच्या पोलिसांनीच काम करावं, ही ओढाताणही तेव्हाच उघड झाली. पंजाबचे मुख्यमंत्री होते शाहबाज शरीफ. आपले पोलीस समर्थ आहेत हे दाखवण्याची निकड त्यांच्या सरकारला होती.

या वातावरणात ‘जर्ब-ए-आहन’ या भारदस्त नावाची पोलीस मोहीम दक्षिण पंजाबात सुरू झाली. छोटूच्या टोळीचे बलुच फुटीरतावाद्यांशी आणि बंदी घातलेल्या अतिरेकी संघटनांशी संबंध असल्याचा संशय अधिकारी बोलून दाखवत होते. कच्च्याच्या आडोशाला अतिरेकी येऊन राहतात, टोळ्या त्यांना थारा देतात आणि मोबदल्यात हत्यारं मिळवतात, असा एकूण आरोप होता. तो अशक्य अजिबात नाही. तीन प्रांतांच्या सांध्यावर लपायची जागा ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्याकडे तऱ्हेतऱ्हेचे लोक येणारच. पण लाहोरचा स्फोट घडवणारे आणि रोझानचा खंडणीखोर हे एकाच साखळीचे दुवे आहेत, असं काही या मोहिमेतून पुढे आलं नाही.

माझं म्हणणं असं की, ‘अतिरेक्यांशी संबंध’ हा संशय जाहीर करताना पुरता धरला गेला आणि आखणी करताना मात्र अर्धाच धरला गेला.

छोटू हा निव्वळ दरोडेखोर असेल, तर घाई कशाची? पोलिसी उपाय संथ असतात, पण ते असतात. नावाडी हाताशी धरायचे, धान्य आणि डिझेल कुठून जातं ते बघायचं, घरचे लोक कुठे आहेत याची माहिती काढायची, एकेक साथीदार बाहेर पडला की उचलायचा. जुलै-ऑगस्टमध्ये सिंधूला पूर येतो आणि कच्च्याचा मोठा भाग पाण्याखाली जातो. तेव्हा बेटावरच्यांनाही कोरडी जागा शोधावी लागते. आणि छोटू खरोखरच अतिरेक्यांचा सोबती असेल, त्याच्याकडे त्यांची हत्यारं आणि शिकवण पोहोचली असेल, तर मग होडीत बसवलेले पोलीस ठाण्यातले शिपाई हे त्यावरचं उत्तर नव्हतंच. दोन्हीपैकी काहीही खरं धरलं, तरी १३ एप्रिलची चढाई बसत नाही. दहशतवादाचं नाव घेऊन मुहूर्त काढला आणि दरोडेखोराच्या हिशोबाने शिदोरी बांधली.

वर्गात या ठिकाणी एक हवालदार नेहमी अडवतो. ‘सर, संख्या तर भरपूर होती ना?’ होती. दीड हजारांहून जास्त पोलीस या मोहिमेत होते. टोळीच्या संख्येचे अंदाज मात्र एकमेकांशी जुळत नव्हते. शंभरच्या आतबाहेर ते थेट दोन-तीनशे, काहीही सांगितलं जाई. शेवटी छोटूबरोबर हात वर करून आले ते डझनभर. बाकीचे आधीच निसटले, की ते कधी तितके नव्हतेच, हे प्रश्न वेगळे. पण मोहिमेच्या आधी समोरच्याची संख्या कुणालाच नक्की सांगता येत नव्हती, यावरून बेटाच्या आतली खबर देणारं पोलिसांकडे कुणी उरलं नव्हतं असं मी धरून चालतो. आतली खबर नसताना बाहेर दीड हजार जमवले, तर त्यातून तयार होतो तो बंदोबस्त. गणपती विसर्जनाला तो कामाचा. छाप्यात त्या दीड हजारांपैकी एका वेळी पाण्यावर किती जण असणार? पहिल्या होड्यांमध्ये मावतील तेवढेच.

पाण्यावरचे क्षण

त्या दिवसाचा मिनिटामिनिटाचा हिशोब मी मांडणार नाही. उघड आहे ते इतकंच: पोलीस होड्यांमधून बेटाकडे सरकले, टोळीने त्यांना जवळ येऊ दिलं आणि दबा धरून गोळीबार केला. मागचे लोक पुढच्यांना सोडवू शकले नाहीत आणि पुढचे मागे येऊ शकले नाहीत.

असं का होतं ते समजायला पुस्तकापेक्षा चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मुलाचा उपयोग जास्त झाला. त्याच्या घरची होडी आहे. तो म्हणाला, ‘सर, काठ जवळ आला की इंजिन बंद करायला लागतं, नाहीतर पंखा गाळात जातो. मग होडी स्वतःच्या मनाने सरकते. तेव्हा ती वळवता येत नाही आन् पळवतापण येत नाही. उतरताना एक हात होडीला, मग बंदूक कुठल्या हाताला?’ वर्ग हसला. तो हसत नव्हता.

त्याने पुढे सांगितलं ते मी त्यानंतरच्या प्रत्येक बॅचला सांगतो. गाळात पहिला माणूस उतरला की तो गुडघ्यापर्यंत जातो. दुसऱ्याला त्याच्या मागेच उतरावं लागतं, कारण तळ कुठे घट्ट आहे ते त्यालाही माहीत नसतं. म्हणजे माणसं आपोआप रांगेत येतात. काठावरच्या गवतात बसलेल्याला नेम बदलावाच लागत नाही. होडी रिकामी झाली की हलकी होते आणि प्रवाहाने काठापासून सुटते, त्यामुळे माघारीची वाटही निघून जाते. पाण्यात पडलेला जखमी ओढून काढायला दोन माणसं लागतात आणि त्या दोघांच्या बंदुका तेवढा वेळ गप्प असतात.

खाडीत भरती-ओहोटीचा हिशोब असतो, नदीत तो नसतो. बाकीचं सगळं लागू पडतं. आमच्याकडे खाडीतून चोरटा वाळूउपसा करणाऱ्यांवर महसूल खातं आणि पोलीस मिळून धाडी टाकतात. संक्शन पंप आणि बार्ज सापडतात, माणसं पाण्यात उड्या टाकून कांदळवनात नाहीशी होतात. पंप तोडले, बार्ज बुडवले, एवढंच पंचनाम्यात येतं. आरोपी अनोळखी. त्या धाडींमध्ये समोरच्याकडे बंदूक नसते म्हणून आपली माणसं संध्याकाळी घरी येतात, आणि धाड यशस्वी झाली अशी बातमी दुसऱ्या दिवशी येते. बंदूक असती तर? हा प्रश्न वर्गात टाकला की खोलीतली कुजबुज थांबते. वाळूवाल्यांना लांबून बोटीचा आवाज येतो, तसा तो छोटूलाही येणारच होता.

आठवडाभर

२४ पोलीस ओलीस गेले आणि एका संध्याकाळीत प्रश्न बदलला. आता आरोपी पकडणं दुय्यम झालं. माणसं जिवंत परत आणणं पहिलं. टोळीने सुरक्षित वाट मागितली. पोलिसांच्या हातात ना बळ उरलं होतं, ना बोलणी करण्यासाठी वजन. लष्कराने सूत्रं हाती घेतली, वेढा आवळला, हेलिकॉप्टरं आणली. आधी ज्या मोहिमेत लष्कर नको होतं, तीच मोहीम लष्कराच्या हातात गेली. प्रांतिक सरकारला जे दाखवून द्यायचं होतं त्याच्या नेमकं उलट दिसलं.

२० एप्रिलला छोटू शरण आला आणि सगळे २४ ओलीस सुटले. इथे मुलं पटकन निष्कर्ष काढतात : लष्कर असतं तर पहिल्याच दिवशी काम झालं असतं. मला तसं वाटत नाही. लष्कराने बेटावर धावत चढाई करून छोटूला पकडलं नाही. त्याने वेढा घातला, वाट बंद केली, वरून ताकद दाखवली आणि थांबलं. काम केलं ते वेढ्याने आणि त्यापुढच्या थांबण्याने. यातला वेढा पोलिसांनाही घालता आला असता. दीड हजार माणसं वेढ्यासाठी पुरेशी असतात, चढाईसाठी नसतात. पण वेढ्याची बातमी होत नाही. लाहोरनंतर तिसऱ्या आठवड्यात ‘पोलीस नदीकाठी बसून आहेत’ असं टीव्हीवर सांगणं कुठल्या मंत्र्याला परवडणार?

पाकिस्तानी वर्तमानपत्रांनी पोलिसांच्या आखणीवर सडकून टीका केली. ती बरोबरच होती, पण टीकेचा रोख बहुतेक पोलीस अधिकाऱ्यांवर राहिला. ज्यांना घाई होती ते त्यातून बऱ्यापैकी कोरडे सुटले.

बिकरू, उलट बाजूने

दुसऱ्या बैठकीत मी उत्तर प्रदेशातल्या बिकरू गावचा छापा घेतो, कारण ते याच दुखण्याचं उलटं रूप आहे. २ आणि ३ जुलै २०२० च्या मधल्या रात्री कानपूरच्या चौबेपूर ठाण्याच्या हद्दीत विकास दुबेला धरायला पोलीस गेले. वाटेत जेसीबी आडवा लावलेला होता. पोलीस गाड्यांमधून उतरले आणि छतांवरून गोळ्या आल्या. उपअधीक्षक देवेंद्र मिश्रा यांच्यासह ८ पोलीस मारले गेले. छाप्याची बातमी ठाण्यातूनच फुटल्याच्या आरोपावरून चौबेपूरचा ठाणेप्रमुख आणि एक उपनिरीक्षक यांना अटक झाली. १० जुलैला दुबे पोलीस चकमकीत मारला गेला.

इथे कुठल्याही अतिरेकी संघटनेचं नाव नव्हतं. दुबे हा गावगुंड, राजकारण्यांच्या ओळखीचा आणि ठाण्यात ऊठबस असलेला माणूस. डझनावारी गुन्हे नावावर असूनही त्याला ‘आपल्यातलाच एक डांबरट’ म्हणून हलक्यात घेतलं गेलं. राजनपूरला शिक्का मोठा आणि तयारी छोटी होती. बिकरूला शिक्काच छोटा होता, म्हणून तयारीही छोटी. दोन्हीकडे समोरच्याच्या हातात खरोखर काय आहे, हा प्रश्न शिक्क्याने झाकून टाकला. दोन्हीकडचा आरोपी ठाण्याला आतून ओळखत होता, ही जुळणीही योगायोगाची नाही.

गडचिरोलीचं उदाहरण मी एवढ्यासाठीच ओझरतं घेतो की तिथे घाई समोरच्याने निर्माण केली. १ मे २०१९ ला माओवाद्यांनी कुरखेडा तालुक्यात रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली. त्याची पाहणी करायला निघालेल्या शीघ्र कृती दलाची गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवली. १५ जवान आणि चालक गेले. राजनपूरला घाई सरकारची होती, इथे ती शत्रूने लावून दिली होती. अशा वेळी कोण घाई करतंय आणि ती कुणाच्या फायद्याची आहे, हे थांबून बघायला वेळ नसतो, म्हणून ते आधीच ठरवून ठेवावं लागतं.

शिक्का कुणी मारायचा

टोळी आणि अतिरेकी यांचं नातं ही आपल्याला ऐकीव गोष्ट नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला आरडीएक्स उतरलं. ते तस्करीच्या जुन्याच वाटेने आणि जुन्याच माणसांकरवी आलं. याच कटातल्या एका खेपेच्या गाड्या वाटेत अडवणाऱ्या पोलिसांनी पैसे घेऊन सोडल्या, असं न्यायालयात सिद्ध झालं. सोडणाऱ्यांच्या लेखी तो नेहमीचाच माल होता, चांदी नाहीतर घड्याळं. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मारली गेली. त्यामुळे ‘हे नुसते गुंड आहेत’ असं मानून स्वस्थ बसावं, असं मी कधीच सांगत नाही.

कायद्यानेही हा धागा ओळखला आहे. १९९९ च्या मोक्कातली, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यातली, संघटित गुन्हेगारीची व्याख्या पैशाच्या फायद्यावर थांबत नाही, बंडखोरीला चालना देण्याचाही त्यात उल्लेख आहे. मोक्का लावायचा तर गुन्हा नोंदवण्याआधी उपमहानिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची मान्यता लागते. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १११ संघटित गुन्हेगारीचं आणि कलम ११३ दहशतवादी कृत्याचं, अशी एका घराआडची दोन घरं आहेत. कलम ११३ खाली गुन्हा नोंदवायचा की यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली, हे अधीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेल्या अधिकाऱ्याने ठरवायचं आहे. म्हणजे कागदावर शिक्का मारण्यासाठी वरचा माणूस लागतो, कारणं लिहावी लागतात, पुढे ती न्यायालयात टिकवावी लागतात. छाप्याच्या आखणीत मात्र तोच शिक्का पत्रकार परिषदेतून येतो आणि त्याची कारणं कुणी लिहून मागत नाही.

माझ्या मते ज्या दिवशी ‘अतिरेक्यांशी संबंध’ हे शब्द आखणीच्या कागदावर येतील, त्या दिवशी त्या कागदावर आणखी दोन गोष्टी यायला हव्यात. एक, ही खबर कुठून आली आणि ती किती जुनी आहे. दोन, ती खरी धरली तर आपल्याकडे काय कमी आहे. राज्यात २००४ पासून एटीएस आहे, २६/११ नंतर उभं केलेलं फोर्स वन हे कमांडो दल आहे. त्यांना बोलवायला कमीपणा कसला? तर कमीपणा असतो. श्रेय जातं. राजनपूरला तेच होतं, फक्त खूप मोठ्या मापाने.

नाही कुणी म्हणायचं

वाद नेहमी इथे येऊन पेटतो. गेल्या खेपेला कळव्याकडून येणाऱ्या एका महिला हवालदाराने विचारलं, ‘सर, तुम्ही फळ्यावर लिहिताय ते पटतं. पण जो अधिकारी पहिल्या होडीत बसला, त्याला हे कळलं नसेल का? त्याने नाही कुणाला म्हणायचं होतं?’

एक तरुण म्हणाला की नाही म्हणणं म्हणजे भित्रेपणा झाला असता. दुसरा म्हणाला, लेखी द्यायचं. त्यावर हवालदारांच्या बाकावर जोरात हसू आलं. बाई म्हणाल्या, ‘लेखी दिलं तर उद्या बदली आणि परवा चौकशी. त्यापेक्षा होडी बरी वाटते माणसाला.’

मी म्हणालो, ‘ताई, पहिल्या होडीतल्याने नाही म्हणायचं नसतंच. त्याच्यापर्यंत येईपर्यंत सगळं ठरून गेलेलं असतं. नाही म्हणायची जागा दोन पायऱ्या वर असते, जिथे माणसाला हद्दही माहीत असते आणि मंत्रालयाचा फोनही येत असतो.’ त्या अधिकाऱ्याचं काम असतं की वरून आलेलं ‘आज’ खाली जाताना ‘कधी आणि कसं’ असं व्हावं. ‘साहेब, चढाई आज नाही होणार, पण वेढा आज रात्री पूर्ण करतो,’ असं म्हणता येतं. त्यात नकार दिसत नाही आणि वेळ मिळतो. बाईंचं यावर समाधान झालं नाही. त्यांनी विचारलं, ‘आणि तो अधिकारी तसं म्हणाला नाही तर?’ मग पहिल्या होडीतला जातो. याला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं, आणि मी ते तयार करून दिलंही नाही.

नंतर

२०१९ मध्ये मुलतानच्या दहशतवादविरोधी न्यायालयाने छोटूला आणि त्याच्या साथीदारांना फाशीची शिक्षा सुनावली. एक टोळी संपली. कच्चा तसाच राहिला. लष्कर परत गेल्यावर तिथे रस्ते, चौक्या आणि जमिनीचे कागद पोहोचले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. टोळ्यांची नावं बदलली आणि धंद्याची पद्धतही. फोनवरून गोड बोलून किंवा स्वस्त गाडीचं आमिष दाखवून लांबच्या शहरातल्या माणसांना कच्च्यात बोलवायचं आणि खंडणी मागायची, हा प्रकार वाढला. २०२३ मध्ये पोलिसांनी पुन्हा मोठी मोहीम काढली.

२२ ऑगस्ट २०२४ ला नदीपलीकडे रहीम यार खान जिल्ह्यात माचका भागात पोलिसांच्या गाड्या पावसाच्या पाण्याने झालेल्या चिखलात अडकल्या. दरोडेखोरांनी त्यांच्यावर रॉकेटचा मारा केला. १२ पोलीस मारले गेले. तो छापा नव्हता. चौकीवरची पाळी संपवून माणसं परत निघाली होती.

माझ्या वर्गाला मी शेवटी एक पान आखणी लिहायला सांगतो : खाडीतल्या एका बेटावर आठ-दहा माणसं आहेत, दोघांकडे बंदुका आहेत, बाकीच्यांचं माहीत नाही, वरून आदेश उद्या सकाळचा. बहुतेक जण किती माणसं नेऊ ते लिहितात. होड्या किती ते लिहितात. कुठल्या बाजूने उतरू तेही लिहितात. कोळीवाड्याच्या त्या मुलाने त्याच्या बॅचमध्ये पहिल्या ओळीत भरतीची वेळ लिहिली होती आणि दुसऱ्या ओळीत, रिकाम्या होड्या धरून ठेवायला प्रत्येकी एक माणूस. गेल्या बॅचमध्ये कळव्याच्या बाईंनी पानभर बंदोबस्त लिहिला होता आणि खाली, आदेशाच्या तारखेसमोर, कंसात ‘बोलून बघते’ असं.